बटणआबांचं मीटर

नथूआबांना वाडीत कुणी नथूआबा म्हणत नाही. तोंडावर म्हणतात, पण पाठ वळली की बटणआबा. पौड मागं टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की धरणाच्या कडेकडेनं ज्या वाड्या आहेत, त्यातल्या एका वाडीत शाळेच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. त्या घरात तुम्ही नुसते पाणी प्यायला टेकलात, तरी डोक्यावरचा पंखा कधी बंद झाला ते तुम्हाला कळायचं नाही. आबा बोलता बोलता उठतात, बटणाशी जातात, कट् करून ते बंद करतात आणि पुन्हा येऊन बसतात. बोलण्यातला एक शब्द गळत नाही. शेजारच्या भैरूच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा भैरूकडं जागा नाही म्हणून त्यांना आबांच्या ओसरीवर बसवलं होतं. पाहुणे पोहे खात असतानाच आबांनी सवयीनं दिवा घालवला. सोयरीक जमली, पण पाहुण्यांनी त्या अंधारात नेमकं काय पसंत केलं, यावर वाडी अजून हसते.

हा नुसता चिकटपणा आहे असं समजू नका. चिकटपणा आहे, तो नाही म्हणता येणार नाही, पण त्याचं मूळ खोल आहे. आबांच्या आज्याची भातखाचरं या धरणाच्या पाण्याखाली गेली. त्या पाण्याची वीज घाटाखाली तयार व्हायची आणि तडक मुंबईला जायची. आज्याच्या जमिनीवर मुंबईत दिवे लागले, आणि वाडीत मात्र आबांना मिसरूड फुटेपर्यंत रॉकेलची चिमणीच होती. पुढं कधीतरी खांब आले, तारा आल्या. पहिला दिवा लागला त्या दिवशी आबांचा बाप त्या दिव्याखाली बसून रडला. ही गोष्ट आबा आजही सांगतात. तेव्हा घरात कुणी रिकाम्या खोलीत दिवा ठेवला, तर ते त्यांना आज्याच्या बांधावरनं गुरं घातल्यागत वाटतं, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे दुपारचा. जेवणं झाली, घर लवंडलं, की आबा ओसरीवरच्या लोखंडी मेन स्विचचा दांडा खाली ओढायचे. सगळ्या घराची लाईट बंद. माणसं झोपली, मग लाईट कशाला जागी, हा त्यांचा हिशेब. फ्रीजलाही सोडायचे नाहीत. एकदा फ्रीजमधलं दूध नासलं, तर कोरा चहा तब्येतीला बरा असतो म्हणाले. त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, त्यानंतर दूध पुन्हा पूर्वीसारखं पाण्याच्या परातीत ठेवायला सुरुवात केली, कारण नवऱ्याशी भांडण्यापेक्षा ते सोपं होतं. बिल आलं की आबा ते खिशात घालून पारावर जायचे आणि दुसऱ्यांचे युनिट विचारायचे. वाडीत आपलं मीटर सगळ्यात हळू पळतं, ही त्यांची श्रीमंती होती.

या घरात स्नेहल सून म्हणून आली. किशोर, आबांचा मुलगा, पिरंगुटच्या कारखान्यात होता आणि ही हिंजवडीत विम्याच्या कागदपत्रांची तपासणी करणाऱ्या एका ऑफिसात. लातूरकडची, अबोल, कामाला वाघ. तिकडं लहानपणी लोडशेडिंगमध्ये अभ्यास केलेली, त्यामुळं अंधाराचं तिला कौतुक नव्हतं की भीतीही नव्हती. आबांना ती आवडायची, कारण खोलीतून बाहेर पडताना ती न सांगता बटण बंद करायची. ते लोकांना सांगायचे, सून शिकलेली असून शहाणी हाय.

मुलगी झाली, तिचं नाव किमया ठेवलं, ती चालायला लागली, आणि स्नेहलनं ऑफिसात बोलून घरनं काम करायची परवानगी मिळवली. घरात इंटरनेट हवं म्हणून किशोरनं पौडच्या दिग्विजयला बोलावलं. हा पोरगा त्या भागात खांबांवरनं नेटच्या तारा ओढायचं काम करायचा. त्यानं घर पाहिलं, जागा पाहिली आणि आबांना बाजूला घेतलं. म्हणाला, माझी एक पेटी वाडीत कुणाच्या तरी घरात ठेवायची आहे, तुमच्या माळ्यावर ठेवू द्या, तुम्हाला नेटचा एक पैसा लावणार नाही. फुकट म्हटल्यावर आबांनी माळ्याची शिडी स्वतः धरली. भाताच्या पोत्यांमागं कोरडी जागा होती, तीही त्यांनीच दाखवली. पेटी म्हणजे नेट देणारी वस्तू, देणारी वस्तू काही खात असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. शेजाऱ्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं मात्र त्यांनी दिग्विजयला बजावलं. भैरू पैसे भरून नेट घेणार आणि आपल्याला फुकट, यातली गोडी बोलून घालवायची नव्हती.

दिग्विजयनं जाता जाता एवढंच विचारलं, की दुपारी मेन अजून पाडता का. आबा छाती काढून म्हणाले, पाडणार म्हणजे पाडणार. तो म्हणाला, बरं, मग मी माझी सोय करतो. कसली सोय, ते आबांनी विचारलं नाही.

मेनचा प्रश्न निघाला तो नंतर. स्नेहलचं काम नेमकं दुपारचंच असायचं. किशोरनं आबांना हातापाया पडून सांगितलं की तिच्या कामाच्या वेळेला मेन पाडू नका. आबांनी नातीकडं बघून मान्य केलं. पण दुपार झाली की त्यांना झोप येईना. वर माडीवर सून कानाला यंत्र लावून बोलतेय, भिंतीवरच्या नेटच्या पांढऱ्या डबीचे हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि आपण स्वस्थ पडलोय. त्यांच्या हाताला सारखी खाज सुटायची.

आणि मग बिल आलं. आबांनी ते ओसरीवर वाचलं, मग उजेडात नेऊन वाचलं, मग नाव आपलंच आहे का ते पाहिलं. युनिट दुपटीच्या वर गेले होते. पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. पारावर जाणं त्यांनी बंद केलं. भैरूनं मुद्दाम हाक मारून विचारलं, आबा, औंदा मीटर पळवायला घोडं जुपलंय का काय, तर आबा न ऐकल्यासारखं करून गेले.

कारण शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. नेट घरात आलं, सून घरात बसली, मेन पाडणं थांबलं, आणि बिल वाढलं. चारही गोष्टी एका महिन्यातल्या. यात आणखी काय समजायचं राहिलं? तुळजाबाई म्हणाल्या की एवढीशी ती डबी काय लाईट खाणार. आबा म्हणाले, ती दिसती एवढीशी, पण तिच्यात सगळी दुनिया चालतीया, दुनिया चालवायला लाईट लागत न्हाई व्हय? आबांना आपलंच म्हणणं फार पटलं.

त्यांनी मेन पुन्हा सुरू केला, म्हणजे पाडणं सुरू केलं. आधी दुपारी थोडा वेळ, मग चांगला ताणून. स्नेहल वरनं खाली यायची, मेनकडं बघायची आणि मोबाईलचं नेट जोडून काम करायची. डोंगराच्या कुशीत मोबाईलची रेंज ती काय असणार, बोलता बोलता तुटायचं. आबा जाता येता बटणं बंद करायचे आणि मागं मागं फिरणाऱ्या किमयाला उचलून धरायचे. तिच्या बोटानं पंखा बंद, दिवा बंद, पांढरी डबी बंद. प्रत्येक बटणाला ते तिला शाब्बास म्हणायचे. हा दोघांचा खेळ होता आणि त्यात दोघंही खूष होते.

ऑफिसातून स्नेहलला आधी समज मिळाली, मग मोठ्या साहेबांसमोर कामाचा आढावा द्यायचा दिवस ठरला. नोकरी राहायची की जायची, ते त्यावर होतं. तिनं आदल्या दिवशी सासऱ्यांना हात जोडून सांगितलं की उद्या दुपारी तेवढं मेनला हात लावू नका. आबा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं बिल आलं, आणि दुपारी जेवण झाल्यावर, वर तिचा आढावा चालू असतानाच, त्यांनी दांडा खाली ओढला. विसरून नाही, रागानं ओढला.

स्नेहल खाली आली. तिनं आरडाओरडा केला असता तर आबांना बरं वाटलं असतं. तिनं लॅपटॉप पिशवीत घातला, किमयाला कडेवर घेतलं आणि ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पौडला एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात, वडे तळणाऱ्या कढईच्या बाजूला बसून तिनं उरलेला आढावा दिला. नोकरी कशीबशी राहिली. पण त्याच आठवड्यात किशोरनं भूगावला खोली घेतली. निघताना तो बापाशी बोलला नाही. स्नेहल पाया पडली आणि म्हणाली, "आबा, माझ्यामुळं बिल वाढत असेल, तर आता कमी होईल."

आबांनाही तेच बघायचं होतं. घर ओकंबोकं झालं होतं, तुळजाबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत होत्या, किमयाची एक चप्पल जिन्याखाली राहिली होती, ती कुणी उचलत नव्हतं. पण आबांच्या मनात एकच गोष्ट होती. बिल खाली येऊ दे. ते खाली आलं की आपण खरे ठरलो. मग किशोरला सांगता येईल, मग बायकोला सांगता येईल, मग सगळं मार्गी लागेल. माडीला कुलूप होतं, पांढरी डबी किशोर घेऊन गेला होता, मेन दुपारी पाडलेला असायचा. वायरमननं रीडिंग घेतलं तेव्हा आबा त्याच्या मागं उभे होते.

बिल आलं. युनिट मागच्यापेक्षा जेमतेम कमी झाले होते.

आबा ओसरीच्या पायरीवर बसले. चूक झाली असेल, दुसऱ्याचं रीडिंग आपल्याला लागलं असेल. त्यांनी जेवण केलं नाही. नेहमीसारखा मेन पाडला. घर बंद पडलं. मग सहज म्हणून त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या मीटरकडं पाहिलं. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता.

लाईट वापरली जात असेल तरच तो दिवा लुकलुकतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आबांनी चष्मा पुसला. दांडा खालीच आहे ना, ते हात लावून पाहिलं. घरात जाऊन पंख्याचं बटण दाबलं, पंखा हलला नाही. बाहेर आले, दिवा लुकलुकतच होता, सावकाश, आपल्या चालीनं. इतकी वर्षं त्यांनी मेन पाडला होता, पण पाडल्यावर मान वर करून मीटर कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? पाडलं म्हणजे पाडलं.

त्यांनी तुळजाबाईंना हाक मारली. दोघं मीटरखाली उभी राहिली. मीटरमधून जाड तार निघून मेनकडं येत होती, आणि मेनला पोचण्याआधीच तिच्या अंगाला एक काळी बारीक तार चिकटपट्टीनं जोडलेली होती. ती भिंतीच्या कोपऱ्यानं वर जाऊन वाशावरनं माळ्यात शिरली होती. आबांनी शिडी लावली.

माळ्यावर भाताच्या पोत्यांमागं त्यांची मांजर झोपली होती. थंडी सुरू झाल्यापासून ती तिथंच असायची आणि घरातले म्हणायचे, उंदरांवर राखण करतीया. ती राखण करत नव्हती, ती शेकत होती. तिच्याखाली दिग्विजयची पेटी होती. आतले पंखे घरघरत होते, दिवे लागलेले होते, शेजारी दोन बॅटऱ्या. आबांनी पेटीवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला. पोळ्या झाल्यावर निवत आलेल्या तव्याएवढी ऊब होती. मेन खाली पडलेला, सगळं घर बंद, आणि ही बया वर धडधडत होती.

दिग्विजय फोन केल्यावर तासाभरात आला. त्याला काही लपवायचं आहे असं वाटलंच नाही. त्यानं सरळ सांगितलं की सगळ्या वाडीचं नेट या पेटीतूनच जातं, धरणाकाठच्या मुंबईवाल्यांच्या बंगल्यांचंही जातं. पेटी अहोरात्र चालू लागते, मेन पाडला तर सगळीकडचं नेट बंद पडणार, म्हणून तार मेनच्या आधीच जोडली. बॅटऱ्या जुन्या झाल्यात, त्या सारख्या चार्ज होत राहतात आणि लाईट ओढतात, हेही त्यानं सांगितलं.

"मला सांगितलं न्हाईस," आबा म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई, आबा. नेट फुकट पायजे म्हणालात, मला वाटलं तुमाला ठावं हाय."

मग त्यांनी विचारायला नको तो प्रश्न विचारला.

"आन् सुनबाईचा लॅपटॉप? ती पांढरी डबी?"

दिग्विजय हसला. "डबी व्हय? झिरोचा बल्ब खातोय तेवढीच खाती. आन् लॅपटॉपपरीस तुमच्या ओसरीवरचा ह्यो जुना पंखा जास्त खातोय."

आबांनी वर पंख्याकडं पाहिलं. तो त्यांच्या लग्नानंतरचा पहिला पंखा होता. तुळजाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे पुष्कळ असतात, पण इथं चोराला शिडी धरून माळ्यावर चढवलं होतं. आज्याच्या जमिनीवर दुसऱ्यांनी दिवे लावले म्हणून आबांनी जन्मभर दात खाल्ले, आणि धरणाकाठच्या मुंबईवाल्यांच्या बंगल्यांचं नेट त्यांनी स्वतःच्या मीटरमधून चालवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना बंगल्यांचा राग आला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं कडेवर पोर घेऊन एसटीची वाट बघत उभी असलेली सून येत होती. ते पायरीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

पेटी त्यांनी त्याच संध्याकाळी खाली उतरवायला लावली. वाडीचं नेट गेलं. घराघरांतून माणसं मोबाईल वर धरून बाहेर आली, आणि भैरू विचारायला आला की तुमच्याकडं चालू आहे का. आबांनी त्याला सगळं सांगून टाकलं, फुकटच्या नेटसकट. भैरू हसायच्या तयारीनं आला होता, पण आबांचं तोंड बघून तो न हसता परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाईंनी नाचणीच्या भाकऱ्या आणि घरचा तांदूळ बांधून दिला. जाताना एवढंच म्हणाल्या, "तितं गेल्यावर आधी माफी मागा, मग बसा." एसटीत आबांनी वाक्य तयार केलं. सुनबाई, माझं चुकलं, तू घरी चल. सासऱ्यानं सुनेला असं म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती, त्यामुळं ते वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा म्हणून बघावं लागलं. भूगाव आलं तेव्हा ते बऱ्यापैकी बसलं होतं.

खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीला लागून दुसरी इमारत, म्हणून भरदिवसाही ट्यूब लावलेली. दार स्नेहलनं उघडलं. कानाला यंत्र होतं, ती कुणाशीतरी बोलत होती. आबांना पाहून ती दचकली, पण बोलणं न थांबवता हातानंच बसा म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉपपुढं गेली. किमया जमिनीवर खेळत होती. तिनं मान वर केली.

"आबा आले!"

आबांनी हात पसरले. पण ती त्यांच्याकडं आली नाही. ती उठली, कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल तिनं फरफटत भिंतीपाशी नेलं आणि त्यावर चढली. तिनं ट्यूब बंद केली. पंखा बंद केला. मग टाचा उंचावून, जीभ दातात धरून, पांढऱ्या डबीचं बटण बंद केलं. सगळं नीट झालं का ते पाहिलं आणि आबांकडं वळून ती शाब्बासकीची वाट बघत उभी राहिली.

खोलीत अंधार झाला. लॅपटॉपवरचा समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजला. स्नेहल एकदम उठली, पण मुलीवर ओरडली नाही. तिनं आबांकडं पाहिलं, आणि त्या अर्धवट उजेडात आबांना तिच्या डोळ्यांत राग दिसला नाही. भीती दिसली. मेन पाडल्यावर ती खाली यायची तेव्हाही हेच डोळे असणार, त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. तिनं घाईघाईनं मोबाईल उचलला आणि ती त्याचं नेट जोडायला लागली.

एसटीत बसवलेलं वाक्य आबांच्या तोंडून निघेना. ते भिंतीपाशी गेले. बटणं ओळीनं होती आणि जन्मभर बटणं बंद करणाऱ्या माणसाला त्यातलं कुठलं चालू करायचं ते कळेना.

"सुनबाई, डबीचं कंचं?"

तिनं बोटानं दाखवलं. आबांनी ते दाबलं.

"आबा, ते बंद करायचं असतं," किमया स्टुलावरनं म्हणाली, आणि तिनं पुन्हा हात पुढं केला.

आबांनी तिचा हात अलगद बाजूला धरला. डबीवर एक दिवा लागला, दुसरा लागायचा होता.

"थोडा वेळ लागतो आबा, चालू व्हायला," स्नेहल म्हणाली.

"लागू दे," आबा म्हणाले, आणि ते बटणावर बोट ठेवून उभे राहिले.